पक्कं फिटिंग

बूटकाकांनी बसवलेली टाच निघाली, असं अख्ख्या बाजारात कोणी म्हणून दाखवावं. चाळीस वर्षं या माणसाने लोकांचे बूट शिवले, तळ बदलले, टाचा ठोकल्या, आणि एकदा बसवलेली गोष्ट पुन्हा हलली नाही. एवढाच काय तो त्यांचा अभिमान, पण तो असा की ऐकणाऱ्याला ऐकून ऐकून वीट यावा. दुकान म्हणाल तर दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने बाहेर ताटकळायचं, एवढं. भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बूट, मधोमध बूट चढवून ठोकायची लोखंडी तिपाई, आणि तिपाईमागे बुटक्या स्टुलावर काका.

त्या फळ्यांनीच घात केला. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यात वरची पेटी काढायला काका स्टुलावर चढले आणि पेटीसकट खाली आले. हाडबिड मोडलं नाही हे नशीब, पण कंबर अशी धरली की उठता म्हणून येईना. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेजारच्या लाँड्रीवालीने सहज डोकावून पाहीपर्यंत दीड तास ते छताकडे बघत तिथेच पडून होते.

काकांची लेक दातांच्या दवाखान्यात कामाला. डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायची, पेशंटला धीर द्यायचा, हे तिचं काम. घाबरलेल्या माणसाशी गोड बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. पण तो सगळा गोडवा दवाखान्यातच खर्च व्हायचा बहुतेक, कारण घरी आल्यावर वडिलांच्या वाट्याला त्यातला थेंबही यायचा नाही. आई गेल्यापासून ते तिच्याकडेच राहायला होते, आणि त्यांची काळजी वाटली की तिचा आवाज चढायचा. कंबर बरी होऊन काका पुन्हा दुकानाची किल्ली शोधू लागले, तेव्हा ती दारात उभी राहिली.

"बाबा, आता एकदा जरी पडलात तर दुकान बंद," ती म्हणाली. "दुकानात, रस्त्यात, जिन्यात, कुठेही. कुलूप मी माझ्या हाताने लावीन."

काकांनी निमूटपणे मान डोलावली. तिने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव खाली आला तरी ते बदलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. तसं ते वळण त्यांच्याकडूनच गेलेलं. पण दुकान बंद म्हणजे काय, तर सकाळी उठायचं, अंघोळ करायची आणि मग कुठेच जायचं नाही. जावयाच्या कुंड्यांना पाणी घालायचं, आणि लेक कधी येते म्हणून दाराकडे बघत बसायचं. 

त्यात गुडघ्यांनी उचल खाल्ली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. सायकल म्हटल्यावर लेकीने कपाळाला हात लावला, पण डॉक्टरांपुढे तिचं चालेना, आणि जावयाचा चेहरा तर खुलला. हा जावई शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी चकचकीत घट्ट कपडे घालून सायकलवर गावोगाव भटकायचा. त्याच्याकडे दोन सायकली. त्यातली जुनी त्याने हौसेने पुसून दिली, सीट खाली केली, ब्रेक आवळले. पायडलं मात्र होती तीच ठेवली, आणि तिथून पुढचं सगळं रामायण सुरू झालं.

आता हे पायडल काय चीज होतं ते सांगायलाच हवं. तुमच्या आमच्या सायकलचं पायडल म्हणजे कसं, रुंद, ऐसपैस, पाय ठेवला की झालं. हे तसलं नव्हे. हा लिंबाएवढा लोखंडाचा गोळा, आणि त्याला मागेपुढे दोन जबडे. जावयाच्या खास बुटांच्या तळाला एक लोखंडी पत्री असते. ती त्या जबड्यांत दाबली की खट्कन अडकते, आणि मग वाटेल तेवढा जोर लावा, पाय सटकायचं नाव नाही. सोडवायचं असेल तेव्हा टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची, की सुटला. हे शेवटचं वाक्य जावयाने सासऱ्यांना सांगितलं होतं की नव्हतं, यावर पुढे घरात बराच वाद झाला.

जवळच्या जवळ जायचं तर असल्या पायडलवर साधे बूटही चालतात, असं जावयाचं म्हणणं. घाई करायची नाही, उभं राहून मारायचं नाही, जाड रबरी तळाचं काहीतरी घालायचं. तो स्वतः ब्रेड आणायला स्लिपरवरच जायचा. घर ते दुकान सात मिनिटांचा रस्ता, त्यात काय एवढं?

पण काका रबरी तळाचे बूट घालणार? ज्याने जन्मभर रबराला नावं ठेवली त्याने? त्यांचे बूट त्यांच्याच हातचे, अस्सल चामडी तळाचे, आणि वापरून वापरून असे गुळगुळीत झालेले की लोखंडावर ठेवताच सुळकन घसरायचे. पहिल्याच दिवशी पाय तीनदा सटकला. सटकला की पायडल गर्रकन फिरायचं आणि नडगीवर बसायचं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण काका पडले नाहीत. दात-ओठ खाऊन दुकानापर्यंत गेले. संध्याकाळी लेकीने नडगी पाहिली तेव्हा तिपाई लागली म्हणाले. तिने औषध लावता लावता त्या तिपाईचा यथेच्छ उद्धार केला, आणि काकांनी तो खाली मान घालून ऐकून घेतला.

जावयाला मात्र नडगीवरची खूण ओळखीची वाटली. तो बाजूला घेऊन म्हणाला, साधी पायडलं लावून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. बाकी कोणी असता तर हो म्हणून मोकळा झाला असता.

"जावईबापू, सटकतंय काय? बूट," काका म्हणाले. "मग दोष कोणाचा? बुटाचा. आणि बुटाच्या बाबतीत या घरात मला कोणी शिकवायचं नाही."

जावयाने हात टेकले. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा वर्गाला भूगोल शिकवलेला बरा.

याच जावयाचे जुने खास बूट, वरून फाटलेले, दुकानात दुरुस्तीला येऊन पडले होते. काकांनी त्यांच्या तळाच्या पत्र्या काढल्या आणि स्वतःच्या काळ्या बुटांना बसवायला घेतल्या. तीन दुपारी खपले. जावयाच्या बुटात पत्रीच्या भोवती बोटभर मोकळी जागा होती. काकांना ते बघवेना. कारखान्याचं काम, दुसरं काय, म्हणून त्यांनी नाक मुरडलं. त्यांनी दुहेरी चामड्याचा नवा तळ घेतला, पायडलचं माप कागदावर उतरवलं, आणि चामडं कापायच्या रापीने त्या मापाची अशी खोबण कोरली की पायडल आत बसल्यावर चहूबाजूंनी केससुद्धा शिरू नये. ती मोकळी जागा टाच फिरवण्यासाठी ठेवलेली असते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बूट तयार झाल्यावर त्यांनी तो हाताने पायडलवर दाबला. खट् आवाज आला. मग वर ओढला, तर बुटाबरोबर सायकलच उचलली गेली. काका खूश. लाँड्रीवालीला मुद्दाम बोलावून दाखवलं. बूट परत काढायला पेचकस घालून उचकटावं लागलं, तेव्हाच खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण आत पाय असला की जोर येतो, तेव्हा झटक्यासरशी निघेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. इतकं सुरेख काम झालेलं असताना शंका काढायची कोणाला इच्छा होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि जावई आपापल्या कामाला गेल्यावर काकांनी फाटकाच्या पायरीला टेकून सायकल सुरू केली. डावा पाय, खट्. उजवा पाय, खट्. आणि काय सांगावं, सायकल जी निघाली ती वाऱ्यासारखी. पाय सटकणं नाही, नडगीला धाक नाही. पायडल खाली ढकलावं तसं वर ओढताही येत होतं. काकांना वाटलं आपण वीस वर्षांनी लहान झालो. वाटेत ओळखीच्या दोघांना त्यांनी आपण होऊन हाक मारली, एरवी ते मानसुद्धा हलवत नाहीत.

दुकानासमोर एक वकीलबाई घरातल्या स्लिपर घालून उभ्या होत्या. त्यांच्या काळ्या बुटांची टाच काकांनी आदल्या दिवशी बसवून ठेवली होती आणि साडेदहाला त्यांना कोर्टात उभं राहायचं होतं. काकांनी ब्रेक हलकेच दाबला, उजवा पाय उचलला. पाय उचलला गेला नाही. डावा उचलून पाहिला. तोही नाही. हिसका दिला, मग आणखी एक दिला. चाळीस वर्षांच्या अनुभवाने बसवलेली पत्री जागची हलली नाही. फुटपाथला लागून गाड्यांची रांग, त्यामुळे टेकायला भिंत नाही की खांब नाही. सायकल थांबली असती तर काका आडवे झाले असते.

"आलोच," असं वकीलबाईंना सांगून काका दुकानावरून पुढे गेले.

डावीकडे वळलं की मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता, म्हणून ते डावीकडे वळले. पुन्हा डावीकडे वळल्यावर मागचा रस्ता लागला, आणि मागच्या रस्त्यावर दातांचा दवाखाना. दवाखान्यासमोर गाड्या लावायला मनाई. पायऱ्यांना लागून लोखंडी कठडा, म्हाताऱ्या पेशंटना धरायला बसवलेला. सगळ्या फेरीत ती एकच जागा अशी की हात लांबवून कठडा धरला असता तर सुटका होती. काकांना हे पहिल्याच फेरीत दिसलं. पण कठड्याच्या बरोबर वर खिडकी होती, आणि खिडकीत पाठमोरी लेक.

 धरायला गेलो आणि हात सुटला तर? तिच्या डोळ्यांदेखत रस्त्यावर आडवा होणार, आणि संध्याकाळी दुकानाला कुलूप. तेवढ्यात ती वळली. काकांनी पाठ ताठ केली, चेहऱ्यावर हसू आणलं, हात केला आणि निघून गेले. तिनेही गोंधळून हात केला.

दुसऱ्या फेरीला वकीलबाई घड्याळ दाखवायला लागल्या. काकांनी खिशातून किल्ली काढून लाँड्रीवालीकडे फेकली, दुकान उघड म्हणाले. तिसऱ्या फेरीला तिने शटर वर केलं होतं आणि ती कोणते बूट म्हणून विचारत होती. खालून दुसरी फळी, निळी पिशवी, असं सांगेपर्यंत काका कोपऱ्यावर पोचले. चौथ्या फेरीला वकीलबाई बूट घालून कोर्टाकडे पळत होत्या, आणि थोडा वेळ दोघं बरोबरीनेच गेले. टाच छान बसलीय म्हणाल्या. काकांना तेवढ्यातही बरं वाटलं.

मागच्या रस्त्यावर मात्र पाचावर धारण बसत होती. दुसऱ्या फेरीला लेक खिडकीशी येऊन थांबली. काकांनी हात केला. तिसऱ्या फेरीला ती हातात कसलंसं हत्यार घेऊन उभी होती, आणि तिच्यामागे खुर्चीतला पेशंट आ वासून वाट बघत होता. काकांनी हात केला. चौथ्या फेरीला ती फोनवर नवऱ्याला काहीतरी विचारत होती. पाचव्या फेरीला ती खाली पायऱ्यांवर आलेली, फोन तसाच कानाला, आणि ओरडून सांगत होती की टाच बाहेर फिरवा, टाच बाहेर. काकांनी सगळा जोर एकवटून टाच फिरवली. खोबणीने दाद दिली नाही. त्यांनी कसंबसं हसून हात केला आणि गेले.

पोटऱ्यांना आता गोळे यायला लागले होते. शर्ट पाठीला चिकटला होता. तहानेने जीव पाणी पाणी होत होता. दुकानावरून सहाव्यांदा जाताना लाँड्रीवालीने काहीतरी विचारलं, ते कानातच शिरलं नाही. ही फेरी आपल्याला पुरी होत नाही, हे काकांना कळून चुकलं. आयुष्यभर नाही निघाली आपली एक टाच, आणि आज नको तेव्हा नेमकी निघत नाही, याचा त्यांना मनस्वी राग आला.

मागच्या रस्त्याला लागले तर लेक कठड्यापाशी उभी होती. एका हाताने तिने कठडा गच्च धरला होता आणि दुसरा रस्त्यात लांबवला होता. फोन नव्हता, ओरडणं नव्हतं.

"बाबा, हात द्या," ती म्हणाली.

पेशंटशी बोलायचा तिचा तो आवाज काकांनी आजवर ऐकलाच नव्हता. त्यांनी हात दिला. तिने खसकन ओढून त्यांना सायकलसकट कठड्याला टेकवलं, आणि सायकल थांबली. आतून दातांचे डॉक्टर हातमोजे घातलेलेच धावत आले आणि त्यांनी हँडल धरलं.

थांबली खरी, पण पाय अजून अडकलेलेच. बूट निघत नाहीत म्हटल्यावर बुटातून पाय काढायचे, हे ओघानेच आलं. लेक खाली बसून नाड्या सोडायला लागली. काका कावरेबावरे झाले, अगं माझ्या पायाशी कसली बसतेस, ऊठ म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या पायाशी बसताना या माणसाला कधी काही वाटलं नव्हतं. आणि गाठ? ती बसवणाराही तोच, तेव्हा नखांना ती थोडीच ऐकणार. शेवटी डॉक्टरांनी दातांतली कीड काढायचं आकडेवालं हत्यार मागवलं, कपाळावरचा दिवा लावला आणि दोन्ही गाठी उकलल्या. तोंड उघडा म्हणायचं तेवढं राहिलं. वर खिडकीत पेशंट अर्धा बधिर गाल धरून सगळं बघत होता.

काका नुसत्या मोज्यांवर फुटपाथवर उतरले. बूट पायडलवरच राहिले, दोन्ही, ऐटीत. डॉक्टरांनी ते एकदा हलवून पाहिले, काम पक्कं आहे म्हणाले, आणि पेशंटकडे परत गेले. मग बाप आणि लेक दोघंच उरले.

आता तोफ सुटणार म्हणून काका तयारीत राहिले. तिने कठड्यावरून हात फिरवला.

"हा इथे कठडा आहे," ती म्हणाली. "पाच वेळा इथून गेलात. पाचही वेळा मला बघून हात केलात. धरला का नाहीत?"

जरा व्यायाम करत होतो, असं सांगायला काकांनी तोंड उघडलं. पण त्यांना इतकी धाप लागली होती की खोटं बोलण्याएवढा श्वास उरला नव्हता.

"तू होतीस ना खिडकीत," ते म्हणाले. "चुकून हात सुटला असता, पडलो असतो, तर तू दुकान बंद केलं असतंस."

 लेकीला स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. सकाळपासून या माणसाचं सगळं बळ पडू नये म्हणून खर्च झालेलं नव्हतं. त्यातलं अर्धं तिला कळू नये म्हणून खर्च झालेलं होतं. समोर मदत उभी असताना वडील हसत हसत तिच्यापासून पळत होते.

"तुम्ही दुकानात पडलात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी इथेच होते, बाबा. या मागच्या रस्त्यावर. दीड तास लोकांना घाबरू नका, घाबरू नका म्हणत होते, आणि तुम्ही तिकडे एकटे. ते काही केल्या डोक्यातून जात नाही माझ्या. म्हणून बोलले तसं."

काकांना हे माहीत नव्हतं. त्यांना ती नुसती चिडलेली वाटली होती. ते आपल्या मोज्यांकडे बघत राहिले.

"ती अट मी मागे घेतली," ती म्हणाली. "दुकान बंद होणार नाही. पडलात तरी नाही. फक्त पडलात तर लपवायचं नाही, मला हाक मारायची. एवढं कराल?"

"नक्की? पडलो तरी नाही?"

"पडलात तरी नाही."

काकांनी मान डोलावली. सहा फेऱ्या ज्या पायांनी त्यांना सावरून धरलं होतं, त्या पायांनी हे ऐकलं आणि जागच्या जागी राजीनामा दिला. गुडघे दुमडले, कठड्याला धरलेला हात सुटला, आणि काका बदकन फुटपाथवर बसले. तिथून ते मागे कलले आणि सरळ आडवेच झाले. रस्त्यापलीकडचे दोघं धावत निघाले. वर पेशंटने खिडकीतून बोबड्या आवाजात काहीतरी विचारलं. लेक मात्र जागची हलली नाही. ती वाट बघत होती.

काकांनी आभाळाकडे बघत दोन मोठे श्वास घेतले. मग हात वर केला.

"अगं," त्यांनी हाक मारली, "मी पडलो."

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाकून त्यांचा हात धरला आणि त्यांना उठवून बसवलं.